उणे एक आणि आमचे तात्या

१९७१ ची दिवाळी, पारनेरजवळचं आमचं गाव. नगरहून डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट बुटांच्या खोक्यात घालून मी एसटीने घरी आणलं होतं... पूर्ण वेळ मांडीवर धरून!

प्रोजेक्ट म्हणजे बेरीज करणारं सर्किट. नेहमीची गणकयंत्रं शून्य आणि एक एवढंच जाणतात, माझं मात्र दोनही जाणणार होतं. बल्ब बंद म्हणजे शून्य, मंद म्हणजे एक, लख्ख म्हणजे दोन.

आमचे सर फार शिस्तीचे. ट्रान्झिस्टरला हात लावण्याआधी कागदावर चौकटी काढायच्या... आकडे इथून आत, इथे बेरीज, इथून हातचा बाहेर. दोन महिने मी चौकटीच काढत होते.

तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मोठ्या ऐटीत दाखवायला बसले. एक अधिक एक... आणि नेमक्या शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या. व्होल्टेज पडलं, लख्ख बल्ब मंद झाला. एक अधिक एक बरोबर एक!

मला रडूच यायला लागलं. सुट्टी संपताच तोंडी परीक्षा होती, आणि नगरची वीजही काही फार शहाणी नव्हती.

तात्या शाळेत गेलेच नव्हते, पण विहिरीवरची मोटर त्यांच्या हाताखालची. म्हणाले, "लाईट कमी झाली तर मोटर हळू फिरती. पर आपसूक उलटी न्हाई फिरत, पोरी."

मी नुसती बघतच राहिले... अहो, खरंच की! मंद-लख्ख हवंय कशाला? वीज सुलटी वाहिली की अधिक एक, उलटी वाहिली की उणे एक, थांबली की शून्य. एकीकडे हिरवा बल्ब, दुसरीकडे लाल.

अंक तीनच, म्हणून हातच्याची किंमत तीन. एक अधिक एक म्हणजे तीनात एक कमी, म्हणून हातचा एक आणि खाली उणे एक. कागदावरच्या चौकटी तशाच राहिल्या, आतलं मात्र सगळं उसवलं. फराळ सोडून चार दिवस तारांना सोल्डरचे डाग देत बसले.

भाऊबीजेला मोटरी चालू असतानाच बटण दाबलं. बल्ब मिणमिणले, पण हिरवा तो हिरवाच आणि लाल तो लालच! मी अंगणभर नाचले.

पास झाले. प्रोजेक्टच्या वहीत आभाराच्या पानावर पहिलं नाव तात्यांचं घातलं होतं, सरांनी ते खोडलं नाही. गावी जाऊन तात्यांना ते पान वाचून दाखवलं. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "आजून येकदा वाच."

मी तीनदा वाचलं... इतक्या आनंदाने मी आयुष्यात दुसरं काही वाचलेलं नाही.