वाट मोकळी करणारच

"हालो, हालो. येतंय का रं?" असं विचारल्याशिवाय काकांनी कधी माइकवर प्रचार सुरू केला नाही. येतंय म्हटलं तरी खाकरून पुन्हा विचारायचे. कर्जत-खालापुरात राहत असाल, तर त्यांचा आवाज तुम्हीही ऐकलाच असेल. निवडणूक आली की टेंपो माझा, आवाज काकांचा.

गेल्या खेपेला भलतंच झालं. सकाळी टेंपोवर एका पक्षाचा बॅनर, दुपारी दुसऱ्याचा. पण एक वाक्य दोन्हीकडे होतं आणि ते काका अगदी पोटातून म्हणायचे, "शेतावरची बंद वाट मोकळी करणारच!" पोशीरजवळ त्यांचं भाताचं शेत. एका शेठने फार्महाऊसला भिंत घातली आणि वाटच गेली. तेव्हापासून काका कालव्यावरून लांबचा वळसा घालून जात. दोघंही वाट देणार म्हटल्यावर कोणीही निवडून आला तरी आपलं काम झालंच, या खुशीत ते मला रोज चहा पाजायचे.

एकदा डिझेलच्या चिठ्ठीसाठी आम्हाला चौकच्या एका ऑफिसात पाठवलं. ऑफिस त्याच शेठचं. आत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एका टेबलावर वडापाव खात बसलेले. मॅनेजर मोठ्या कौतुकाने म्हणाला, "दोन्हीकडचा खर्च आपल्याच शेठकडे आहे."

काका टेंपोत येऊन बसले. माइकची वायर गुंडाळत म्हणाले, "मंग यांचं भांडण कोणाशी हाय रं?"

"काका, आपल्याला काय करायचंय?"

"तसं नाय रं. मी मत कोणाला देऊ?"

मी टेंपो चालू केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीपाशी टेंपो थांबवायला लावला. माइकवर म्हणाले, "शेठ, या भोंग्याचे पैसे तुमचे हायत. तुमच्याच पैशांनी सांगतो, आमची वाट सोडा." आतून कुत्री तेवढी भुंकली. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला, "उद्यापासून त्यांना आणू नका. रेकॉर्डिंग आहे ना."

रेकॉर्डिंगही काकांचंच. मग त्यांचा आवाज घेऊन मी एकटाच गावं फिरू लागलो. शेजारची रिकामी सीट बघून फार वाईट वाटायचं.

शेवटच्या दिवशी काका कालव्यावर भेटले. डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा. टेंपोला जागा द्यायला ते कडेला सरले आणि भोंगा ऐकत राहिले. वाट मोकळी करणारच, असं त्यांचाच आवाज ठणकावून सांगत होता. पुरतं ऐकून झाल्यावर खिडकीशी आले आणि हळूच विचारलं, "करतील का रं?"

मी डिझेलच्या काट्याकडे पाहिलं. टेंपोत डिझेल शेठचंच होतं.