भावाच्या फोनचं कुलूप

बोईसर स्टेशनसमोर फोन दुरुस्त करणारा एक माणूस बसतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कोणताही फोन हातात आला की तो आधी शहाळं पारखावं तसा कानाशी धरतो.

आखातात वारलेल्या माझ्या भावाचा फोन तिथल्या मोबाइल कंपनीशी बांधलेला होता, इथलं सिमकार्ड घेत नव्हता. मला तो वापरायचा होता. त्याच्या हातातली एवढीच वस्तू परत आली होती.

त्या माणसाने तो बराच वेळ कानाशी धरला.

"ताई, दहाव्याला कावळा शिवला?"

"नाही. शेवटी दर्भाचा केला."

त्याने फोन माझ्यापुढे ठेवला. आत सिमकार्ड नव्हतं, तरी पडद्यावर त्या परक्या कंपनीचं नाव होतं आणि नेटवर्कच्या चारही पट्ट्या भरलेल्या होत्या.

"ह्या कंपनीचा टॉवर इथं नाय," तो म्हणाला. "कुलूप मी काढीन. पन त्याचं काय राह्यलंय, ते आदी कबूल करा."

"आईला मी सांभाळीन," मी म्हणाले.

पट्ट्या तशाच राहिल्या.

"दुसरं कायतरी हाय, ताई."

मला ठाऊक होतं. भावाने शिरगावला लावलेल्या चिकूच्या वाडीचा सौदा मी ठरवला होता.

"वाडी विकणार नाही."

पट्ट्या एकेक करत विझल्या. मगच त्याने माझं सिमकार्ड मागितलं.