कोंबड्यांना मोहन

मालनकाकू कोंबड्यांचं खाद्य आधी स्वतः चाखायच्या. अंथुर्णे गावात पशुवैद्यक म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात मी हे पाहिलं. चिमूटभर भरडा जिभेवर ठेवून, डोळे मिटून त्या म्हणाल्या, "मका जुना हाय. ह्या पोरी तोंड लावायच्या न्हाईत." पोरी म्हणजे शेडमधल्या तीनशे कोंबड्या.

एप्रिलच्या उन्हात मात्र पोरी ताज्या मक्यालाही तोंड लावेनात. पंख पसरून, चोची उघड्या टाकून नुसत्या धापा टाकत होत्या. अंडी लिंबाएवढी झाली. दोन दिवसांत अकरा कोंबड्या गेल्या. काकू पदराने वारा घालत एकेकीला विनवत होत्या, "खा गं माझी बाय!"

मी म्हटलं, "खाद्यात तेल मिसळा. उन्हात त्या थोडंच खातात, तेवढ्यातच ताकद मिळायला हवी. शिवाय तेल पचताना अंगात उष्णताही कमी तयार होते."

काकूंनी वारा घालायचं थांबवलं. "आमच्या तात्यास्नी हार्टाचा डॉक्टर म्हन्तो, तेल बंद करा. आन् तुमी म्हन्ता, कोंबड्यांना चारा. कुनाचं खरं?"

त्यांचे यजमान तात्या खाटेवर उकडलेला दुधी चिवडत बसले होते. ते चटकन म्हणाले, "म्याडमचं!"

मग मी ऊर्जा, टक्केवारी असं पुष्कळ बोलले. काकूंना काही पटेना. शेवटी वैतागून पसाभर भरड्याला तेल हातानेच चोळून दाखवलं. काकूंचा चेहरा उजळला. "आत्ता गं बया! मोहन घालायचं म्हना की! शंकरपाळ्याला घालतो तसं. येवढ्यासाठी इतकं विंग्रजी?"

शंभर किलोला तीन किलो सोयाबीनचं तेल, तेही ताजं. खवट अजिबात नको. काकूंनी आधी थोड्या भरड्याला चोळलं, मग सगळ्यात कालवलं. पहाटे आणि ऊन कलल्यावर, अशा दोनच वेळा घालायचं ठरलं.

चौथ्या दिवशी फोन आला. "म्याडम, आसाल तशा या!" मी हातातलं काम टाकून स्कूटी पिटाळत पोचले, तर खाद्याची भांडी चाटूनपुसून साफ! काही विचारायच्या आत काकूंनी माझे दोन्ही हात धरले आणि शेडच्या मधोमध फुगडी सुरू केली. साठीची बाई! कोंबड्यांनी एकच गिलका केला, माझी एक चप्पल पाण्याच्या भांड्यात पडली, तात्या दारात हसून वाकले. त्यांच्या हातात ताजं कांदाभजं होतं.

"कोंबड्यांच्या डब्यातलं तेल!" गिरकीतूनच काकू किंचाळल्या. "थांबा, बघते तुमच्याकडं!" पण फुगडी काही थांबली नाही.

महिनाभरात अंडीही पुन्हा पहिल्याएवढी झाली.

यंदा कऱ्हाटी गावच्या बायकांसाठी मी मार्गदर्शन ठेवलं आणि काकूंना सोबत नेलं. मी तक्ता लावून बोलू लागले, तशा बायका जांभया द्यायला लागल्या. काकूंनी पदर खोचला, परात मागवली आणि थेट मध्येच बसून मोहन कसं घालायचं ते सांगायला सुरुवात केली. बायका पुढे सरकल्या, हसल्या, प्रश्न विचारू लागल्या. एका ठिकाणी दुरुस्ती करावी म्हणून मी तोंड उघडलं.

"म्याडम, तुमी बसा हितं," काकू म्हणाल्या. "मी सांगतीया न्हवं?"

मी बायकांच्यात मांडी घालून बसले आणि वही उघडून लिहून घेऊ लागले.