सबीनाचं खरं कारण

फोन आला तेव्हा मी एका आजोबांना सूप भरवत होते. आमच्या केअर होममध्ये ड्यूटीवर मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून सबीनाच्या नवऱ्यानं, आंतोननं, नर्सच्या टेबलावरच्या नंबरवर फोन केला होता. "नंदाताई, ती उठलीच नाही हो सकाळी... मी चहा करून हाक मारली, परत मारली..." पुढचं त्याला बोलवेना. मी "येते" एवढंच म्हणाले असेन. परत येऊन खुर्चीवर बसले, तर आजोबांनी तोंड उघडून ठेवलेलं. दिला पुढचा घास. काय करणार? सूप संपलं, त्यांचं तोंड पुसलं आणि मगच कोट घ्यायला उठले. सबीना गेली त्याला आता दीड महिना होत आला. इथं कॅनडात, सस्काटूनमधला बर्फ वितळून रस्त्याच्या कडेला नुसता काळा चिखल उरलाय, आणि मला अजून तिचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

ती वसईची, कॅथलिक. मी नागपूरची, देवासमोर दिवा लावते तोही आठवला तर. आमची ओळख झाली ती एका बंद पडलेल्या यंत्रामुळे. आजीबाईंना पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं यंत्र असतं आमच्याकडे. ते ऐन वेळी अडकलं आणि मी त्याला मराठीतून यथेच्छ शिव्या घालत होते. मागून आवाज आला, "शिव्यांनी नाही चालत ते, ताई. बॅटरी बदला." वळून बघते तर छातीवर 'सबीना' नावाचा बिल्ला. मी तिला इतके दिवस फिलिपिनो समजत होते! "अगं, तू मराठी? मग सबीना काय?" तर म्हणाली, "मग काय पाहिजे होतं, शकुंतला?" त्या दिवसापासून डबा एकत्र. वसईहून कुणी आलं की ती मला सुकेळी, म्हणजे तिकडची वाळवलेली केळी, आणून द्यायची, आणि मी तिच्या बोलण्याची टिंगल करायची, ती माझ्या 'करून राहिली, जाऊन राहिली'ची. मी वयानं बरीच मोठी, पण ताई म्हणायची ती फक्त भांडण नसेल तेव्हा. भांडण असलं की नुसतं "नंदा".

आमचं होम कॅथलिक चर्चच्या लोकांनी चालवलेलं. सबीना तिथं शोभायची. रविवारी ड्यूटी असली तर शनिवारी संध्याकाळी मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जाऊन यायची, पण चुकवायची नाही. कुणी आजी-आजोबा शेवटच्या घटका मोजत असले की शिफ्ट संपल्यावरही हात धरून प्रार्थना म्हणत बसायची. आमच्या डायरेक्टर बाईंचा तिच्यावर फार जीव. "सबीनासारखी माणसं आहेत म्हणून हे घर आहे," असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं ते याच दोघींमध्ये झालं.

दुसऱ्या बाळंतपणात सबीनाचं हृदय कमजोर झालं. जिना चढली तरी धाप लागायची. हृदयाच्या डॉक्टरनं तिला आणि आंतोनला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा दिवस गेले तर आई वाचेल याची खात्री नाही. गर्भाशयात बसवायचं साधन वापरा, आणि लवकर वापरा. आता इकडचा कारभार असा, की सरकारी कार्डावर डॉक्टर आणि हॉस्पिटल फुकट, पण औषधं, दात, चष्मे हे सगळं नोकरीच्या विम्यातून. आंतोनचा स्वतःचा ट्रक, त्यामुळे त्याला विमा नाही. घराचा सगळा विमा सबीनाच्या नोकरीचा. आणि आमच्या होमच्या विम्यातून गर्भनिरोधक तेवढं वगळलेलं. संस्थेच्या श्रद्धेत ते बसत नाही, म्हणून गोळी नाही, साधन नाही, काही नाही.

मग बाकीच्या बायका काय करायच्या? त्याचा एक रस्ता होता, सगळ्यांना ठाऊक असलेला आणि कुणी मोठ्यानं न बोललेला. डॉक्टरकडून लिहून आणायचं, हिला पाळीत फार रक्तस्राव होतो, त्यावर उपचार म्हणून हीच गोळी, हेच साधन. रक्तस्राव हा आजार, आजाराला विमा चालतो. चिठ्ठी आली की डायरेक्टर बाई सही करायच्या. नवी बाई कामाला लागली की जुनी बाई स्टाफरूमचं दार लावून तिला हळूच शिकवायची. आमच्या होममध्ये जेवढ्या तरुण बायका, तेवढा रक्तस्राव! मी हसून हसून बेजार व्हायची. माझं वय त्या भानगडीच्या पलीकडचं, मला काय?

सबीनालाही तेच शिकवलं. शिकवलं म्हणजे मीच शिकवलं. तिनं शांतपणे डबा बंद केला आणि म्हणाली, "पण मला रक्तस्राव नाही. मला एक अधू हृदय आहे आणि एक नवरा आहे." मी म्हटलं, "अगं बाई, ते माहीत आहे सगळ्यांना. कागदावर लिहायपुरतं." तर म्हणाली, "आमच्या धर्मात हे पाप आहे, ताई. ते मी करणार, दोन लेकरांसाठी करणार, आणि फादरसमोर जाऊन कबूलही करणार. एक पाप डोक्यावर घेतलंय ना, मग त्यावर खोटं बोलायचं दुसरं कशाला?" माय वं, ही कुठली हरिश्चंद्राची नात! पदरचे पैसे घाल आणि मोकळी हो, असंही सांगून पाहिलं. तिला तेही पटेना. विम्याचा हप्ता तिच्याही पगारातून कापला जात होता, मग आपल्याच हक्काचं सोडून पुन्हा पैसे का मोजायचे, असं तिचं म्हणणं.

आणि ती सरळ डायरेक्टर बाईंच्या खोलीत गेली. मला बरोबर नेलं, साक्षीला. बाईंनी नेहमीसारखं हसून सांगितलं, "डॉक्टरला लिहायला सांग ना, मी सही करते." सबीना म्हणाली, "डॉक्टरनं खरं कारण लिहिलंय. तुम्ही त्यावर सही करा." बाईंचा चेहरा उतरला. त्या वाईट नव्हत्या हो. दार लावून घेतलं, सबीनाचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी तुम्हा मुलींसाठीच इतकी वर्षं डोळे मिटून घेतेय. तू मला ते उघडायला लावू नकोस." सबीनाचे डोळे भरले, पण तिनं कागद मागे घेतला नाही. खऱ्या कारणावर सही करायचा अधिकार बाईंना नव्हता. कागद संस्थेच्या बोर्डाकडे गेला.

तिथंच घात झाला. बोर्डानं विचारलं, याआधी असले अर्ज आले होते का? मग जुन्या चिठ्ठ्या निघाल्या आणि एवढा रक्तस्राव बघून त्यांचेही डोळे पांढरे झाले. महिन्याच्या आत नवा नियम आला. डॉक्टरची चिठ्ठी असो नसो, असलं कुठलंही औषध विम्यात नाही. ज्या दोघी-तिघींना खरोखरच पाळीचा त्रास होता, त्याही यात भरडल्या गेल्या. स्टाफरूममध्ये जे रामायण झालं ते काय सांगू! सगळ्या बायका सबीनावर तुटून पडल्या. एक तर तिच्या तोंडावर म्हणाली, "तू आता संत झालीस, आणि आम्ही काय करायचं?" मीही गाडीत बसल्याबरोबर सुरू झाले. "काहून असं करून राहिलीस गं? सगळ्यांच्या अन्नात माती कालवलीस!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नंदा, मी यांना खोटं बोलू नका असं कधी सांगितलं का? मला खोटं बोलता येत नाही एवढंच." दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या बायका पलीकडच्या टेबलावर जेवायला लागल्या. आमच्या टेबलावर आम्ही दोघीच.

ते दिवस वाईट होते. होममध्ये कुणी बोलायचं नाही, आणि घरी वेगळाच ताण. आंतोन ट्रक घेऊन आठ-दहा दिवस बाहेर असायचा आणि घरी आला की बेसमेंटमध्ये झोपायचा. "मी तिला हात लावायलाही घाबरतो, ताई," असं तो एकदा मला म्हणाला होता, आणि मग शरमून घरासमोरचा बर्फ फावड्यानं ओढायला निघून गेला. पण दोघं नवरा-बायकोच शेवटी. ख्रिसमसनंतर एके दिवशी सबीना लॉन्ड्रीच्या खोलीत मला गाठून म्हणाली, "ताई, पाळी चुकली." तिचे ओठ पांढरे पडले होते. शिफ्ट संपल्यावर तिला गाडीत घातलं आणि क्लिनिकला नेलं. बाहेर असली थंडी की श्वास नाकातच गोठावा, आणि ही गाडीत घामानं भिजलेली. वाटेभर तिचे ओठ प्रार्थनेत हलत होते. क्लिनिकच्या वॉशरूममध्ये तिला सोडून मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. तिच्या देवाचा नवस केला, माझ्या देवाचा केला, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं म्हटलं. बऱ्याच वेळानं नर्सनं आत बोलावलं. दिवस गेलेले नव्हते. हृदयाच्या औषधांनी आणि काळजीनं पाळी लांबली होती. सबीना आधी हसली आणि मग माझ्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून अशी रडली, की नर्स दार ओढून घेऊन बाहेर गेली.

त्या आठवड्यात आंतोननं तिचं काही ऐकलं नाही. पदरचे पैसे घालून साधन बसवून आणलं. मला वाटलं, सुटलो बाप्पा! पण कसलं काय. ती युनियनकडे गेली आणि बोर्डासमोर बोलायची वेळ मागून घेतली. डायरेक्टर बाई थकून म्हणाल्या, "आता तुझं काम झालंय ना, सबीना?" ती म्हणाली, "माझं झालंय. ज्यांचा रस्ता माझ्यामुळे बंद झाला, त्यांचं राहिलंय."

बोर्डाच्या मीटिंगला मी मागच्या खुर्चीवर होते. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे शेतकरी, सज्जन माणूस, आवाज मऊ. म्हणाले, "आम्ही कुणाच्या घरात डोकावत नाही. पण जे आम्हाला चूक वाटतं, त्याचे पैसे आमच्या हातून जायला नकोत. आम्हालाही मन आहे." खरं सांगते, त्या माणसाचं दुखणं मला कळत होतं. सबीनालाही कळत असणार, ती तर त्यांच्याच चर्चची. ती उठली तेव्हा तिला धाप लागली होती, टेबलाला धरून उभी राहिली. "तुमचं मन मला मान्य आहे. पण ते पैसे तुमच्या हातून जात नाहीत. तुमच्या आईंना मी रोज आंघोळ घालते. त्यांच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलते. त्या मला कधी मुलगी म्हणतात, कधी चोर म्हणतात. विमा हा त्या कामाचा मोबदला आहे. मी तो कमावलाय. कमावलेलं मी कशावर खर्च करते, ते माझं आणि माझ्या देवाचं." अध्यक्षांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ नुसता पुसत बसले. माझी छाती अशी धडधडत होती, की वाटलं आता हिच्याआधी मलाच उचलून न्यावं लागेल.

निकाल लगेच लागला नाही. युनियन, वकील, विमा कंपनी, पत्रांवर पत्रं... वर्ष गेलं त्यात. शेवटी तोडगा निघाला, की गर्भनिरोधकांपुरता भाग विमा कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर द्यायचा, संस्थेनं त्यात पैसे घालायचे नाहीत, आणि कुणी काय घेतलं ते संस्थेला कळायचंही नाही. दोघांचंही मन राहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या बायका एकेक करून परत आमच्या टेबलावर आल्या. माफी वगैरे कुणी मागितली नाही, खुर्च्या ओढल्या आणि बसल्या. सबीनानं सगळ्यांपुढे डबा सरकवला. मी असते तर चार शब्द सुनावले असते!

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. हृदयच ते, औषधांनी किती ओढणार. अंत्यविधीच्या मिस्सेला डायरेक्टर बाई आल्या होत्या आणि ते अध्यक्षही, व्हीलचेअरवर आईला घेऊन. म्हातारी मला विचारत होती, "ती मुलगी कुठं गेली?" सबीनाची दोन पोरं पहिल्या रांगेत, धाकटीनं आंतोनची बाही सोडली नाही. तिसऱ्यांदा दिवस जाऊन ती त्यात गेली असती, तर ही पोरं तेव्हाच पोरकी झाली असती. मध्ये जी वर्षं मिळाली ती त्यांना आई आठवायला पुरतील, असं मी स्वतःला समजावते. नेहमीच पटतं असं नाही.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक नवी बाई लागली, ब्रॅम्प्टनहून आलेली पंजाबी, पदरी दोन मुलं. दुपारी मी स्टाफरूममध्ये जेवत होते. ती आत आली, इकडंतिकडं पाहिलं, दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दीदी, गोलीके लिए यहाँ डॉक्टरसे क्या लिखवाना पड़ता है? पुरानी जगह तो कुछ और लिखवाते थे." मी म्हटलं, "कुछ नहीं. जो है, वही." तिला खरंच वाटेना. "बस? इतना ही?" मी हो म्हटलं. तिनं खांदे उडवले आणि आपला डबा उघडला. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. इथं कधी कुणी सबीना होती, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायची गरजही उरली नव्हती. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी असा संताप आला की डबा ढकलून उठले. जाऊन ते दार सताड उघडलं. मग तिच्यासमोरची खुर्ची ओढली आणि माझ्या मोडक्या हिंदीत तिला म्हटलं, तू खा सावकाश, मला तुला एका बाईबद्दल सांगायचंय.