वेळेआधी म्हातारी ठरवलेली सुंदराक्का

सुंदराक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी माहेरी, तंजावरला होते. धावत सासरी कुंभकोणला आले, तर ओसरीवर बायका एकच शब्द चघळत बसलेल्या... ‘बिचारी.’ कूस उजवली नाही, बिचारी. भर ज्वानीत वाळली, बिचारी. माझं रडणं राहिलं बाजूला, डोकंच तडकलं. महिना उलटला तरी तो संताप उतरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुंदराक्का माझी थोरली जाऊ. तिशी गाठते न गाठते तोच तिची पाळी चुकली. घरात आनंदीआनंद! सासूबाईंनी गाडी जुंपायला लावून तिला तिरुक्करुगावूरला गर्भ राखणाऱ्या देवीपुढे नेलं, तिथलं तूप रोज चाटवलं. अक्का सांगून थकली, “मला ओकारी नाही, डोहाळे नाहीत. नुसती अंगाची आग होते, मग दरदरून घाम फुटतो.” ऐकतंय कोण? पोट काही वाढेना, तेव्हा वैद्य आले. त्यांनी तिच्याकडे न बघता मोठ्या भावजींना सांगितलं, उष्णता आहे, ताक द्या. मग ती गुपचूप इस्पितळात गेली. तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिलाच समोर बसवून सांगितलं, की काही जणींचं लवकर थांबतं, तुझं थांबलंय. त्या दिवशी परसात ती शेजारणीचं तान्हं मांडीवर घेऊन जोजवत बसली होती... इस्पितळातलं मात्र घरात कुणाला कळू दिलं नाही. पुढच्याच महिन्यात ‘कावळा शिवला’ म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसली.

तिचं ताट मीच नेत असे. वाळत घातलेल्या वस्त्रांवर कधी डाग नाही, हे माझ्या ध्यानात आलं. विचारलं तर म्हणाली, “त्यांना कळलं तर उद्या सवत आणतील. आणि तीन दिवस मला कोणी चुलीपाशी हाका मारत नाही, ते कशास सोडू?”

दोन वर्षं हे चाललं. तरी सवत ठरलीच. स्वामीमलै गावची मुलगी, जेमतेम तेरा वर्षांची. पाहुणे ओसरीवर बसलेले असताना अक्का मागच्या खोलीतून उठली आणि सरळ स्वैपाकघरात शिरून चुलीवरचा भात ढवळू लागली. सासूबाई किंचाळल्या, “अगो, विटाळ!”

“कसला विटाळ? दोन वर्षं झाली, माझं थांबलंय. मी आजारी नाही, म्हातारी नाही आणि शापितही नाही. मूल हवं असेल तर दत्तक घ्या. त्या पोरीचे हाल करू नका.”

भावजी जन्मात पहिल्यांदा आईसमोर बोलले. “पाहुण्यांना जेवू घाला आणि नाही म्हणून सांगा.”

लग्न मोडलं. पण सुटका कसली! आता विटाळ नाही म्हटल्यावर सगळं सोवळ्यातलं रांधणं महिनाभर तिच्याच गळ्यात. सणाला तिच्यासाठी आजीबाईंचे विटके रंग. एका दिवाळीला तिनं तसलं लुगडं परत केलं, आणि स्वतः जाऊन डाळिंबी रंगाचं घेऊन आली. सासूबाई गुढीपाडव्यापर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

पुढे कुजबूज गावभर झाली, आणि दुपारची सामसूम झाली की तोच त्रास असलेली कुणी ना कुणी परसदारी येऊ लागली. मराठी घरातली, तमिळ घरातली. अक्का तिला पाणी द्यायची आणि अर्धा-अर्धा तास ऐकून घ्यायची.

परवा दुपारी एक अनोळखी बाई परसदारी उभी राहिली. पदरानं मान पुसत तमिळमध्ये म्हणाली, “अक्का आहेत का?” मी म्हटलं, अक्का आता नाहीत. तिचा चेहरा पडला, ती वळली. मी तिला हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं, आणि पाणी पुढे करून म्हटलं, “सांग. काय होतंय?”