ट्रॅक्टरचं कपाळ

लढाईत दोन वर्षं लॉरी हाकलेला सापगावात एकटा कुंडलिक. त्यामुळं सेहेचाळीस सालच्या दसऱ्याला कमळाकरशेठनं लष्कराच्या भंगारातून बुटका ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्यावर कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती. कुंडलिकनं आपले बैल मेहुण्याला, नथूला, देऊन टाकले. गवताच्या दाबून बांधलेल्या गाठी आटगाव स्टेशनात पोचवायच्या, एवढंच काम. पण रुबाब काय, रुबाब काय! खाली उतरून चालतानासुद्धा गडी हात पुढं धरून चालायचा.

त्याची बायको सुंदरा रोज सकाळी ट्रॅक्टरला शेंदूर लावायची. चांगला तेलात कालवून, मारुतीला लावतात तसा. आता ट्रॅक्टरचं कपाळ कुठलं? तिनं विचार करून पेट्रोलच्या टाकीवरचं गोल झाकण ठरवलं. अंगठाभर शेंदूर तिथं बसला, की मगच कुंडलिक निघायचा.

दिवाळी सरली आणि ट्रॅक्टरचं बिनसलं. अंगणात उभा असला की तासभर भकभक करी, मोठा गुणी. रस्त्याला लागला आणि ओढ बसली, की मैलभरात फुस्स! कुंडलिक झाकण उघडून बघे. पेट्रोल तर आहे. झाकण लावून हँडल मारी, की लगेच चालू. पुन्हा मैलभर, पुन्हा फुस्स. शहापूरचा मिस्त्री आला, प्लग घासले, नळी फुंकली, चहा पिऊन गेला. आणि सुंदरा? ती बिचारी शेंदूर दुप्पट लावायला लागली.

शेठ तापला. "आटगावला गाठींसाठी रेल्वेची वाघीण लागलीय. चारच्या मालगाडीला जोडणार. आज गाठी पोचल्या नाय, तर हा डबा भंगारात, नि तू नथूच्या गाडीमागं पायी!"

नथूच्या गाडीमागं! स्वतःच्याच बैलांची शेपटं बघत! सुंदरा मांडीवर नारळ नि शेंदराची वाटी घेऊन गाठींवर चढून बसली. "मी संगती येते. बघते कसा थांबतो मेला!"

मेला तीनदा थांबला. सुंदरा तीनदा उतरली, तीनदा शेंदूर. आणि तिन्ही वेळा मागून नथूची बैलगाडी घुंगरं वाजवत पुढं गेली.

"दाजी, दोर देऊ का?"

"जा रे गप!"

"बैल वळखतात तुमाला. ओढतील आवडीनं!"

पुढं निघालं की कुंडलिक नथूला मागं टाकी, आणि पुन्हा फुस्स. चौथ्यांदा थांबला नि नथू पुढं गेला, तेव्हा आटगाव मैलावर राहिलं होतं. सूर्य कलला होता. कुंडलिकला रडू यायचंच बाकी होतं. त्यानं झाकण फिरवलं, तसा आत सुस्स करून आवाज झाला.

"अवो," सुंदरा म्हणाली, "ह्यो श्वास घेतो!"

"गप गो."

"गप काय! आपला रॉकेलचा डबा. एकच भोक पाडलं तर तेल उतरतं का? वारा आत जायला दुसरं भोक लागतं ना? ह्याला वारा कुठनं?"

कुंडलिकनं झाकण उलटं केलं. मधोमध मोहरीएवढं भोक होतं. म्हणजे असायला हवं होतं. तिथं महिनाभराचा शेंदूर लिंपून घट्ट बसला होता.

"माझ्याच हातानं," सुंदराचा चेहरा पडला. "रोज दाबून दाबून लावला वो मी."

कुंडलिकला आधी हसूच फुटलं. असा हसला की चाकावरच्या चिखलपट्टीला धरून खाली बसला. मग तीही हसली, डोळ्यांत पाणी घेऊन. अंबाड्यातला आकडा काढला, भोक कोरलं, झाकण पुसलं. हँडल मारलं आणि जो ट्रॅक्टर सुटला, तो नथूच्या बैलांना धूळ चारत थेट स्टेशनात! सुंदरा गाठींवर उभी राहून भावाला नारळ दाखवत होती.

गाठी चढल्या, मालगाडी हलली. शेठनं विचारलं, "काय बिघाड होता रे?"

सुंदरानं पदर तोंडाला लावला. कुंडलिकनं पापणीही न हलवता सांगितलं, "कुंभारमाशी, शेठ. झाकणाच्या भोकात घर केलं होतं रांडेनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरा वाटी घेऊन आली आणि ट्रॅक्टरसमोर तशीच थांबली. लावायचा तर कुठं? चाकाला? पायाला कुणी शेंदूर लावतं का? न लावता सोडायचा, तर तिचा जीव होईना.

कुंडलिक सीटवरून वाकला, टोपी मागं सारली आणि कपाळ तिच्यापुढं धरलं.

"हितं लाव. हवा तेवढा दाब. ह्याला भोक नाय."