मागचं बघणारा परसूभाई

परसूभाई आधी माणसाचं तोंड बघायचाच नाही. गळ्यात कॅमेरा, स्कूटर चालूच, आणि नजर माणसाच्या पाठीमागं. पहिल्यांदा खरवईला माझ्या भट्टीवर आला तेव्हा मला वाटलं, जागा बघायला बिल्डरचा माणूस आला. मी घण खाली ठेवलाच नाही.

"साईं, तुमच्या डोक्यातून बिल्डिंग निघालीय," तो म्हणाला. सिंधी माणूस, सगळ्यांनाच साईं म्हणायचा.

वळून बघितलं. नव्या टॉवरचं होर्डिंग बरोबर माझ्या मागं उभं.

परसूभाईला देवाघरी जाऊन तीन महिने झाले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्याचं फोटोचं दुकान होतं. आठवडाभर पांढऱ्या पडद्यापुढं पासपोर्टचे फोटो काढायचा आणि वैतागायचा. "पडद्यापुढे माणूस चोरासारखा बसतो," म्हणायचा. रविवारी शटर खाली ओढलं की स्कूटरवर बाहेर. सोनिवलीकडं विटा थापणारे, अंबरनाथला लेथवर वाकलेले, असे कामात बुडालेले लोक शोधत फिरायचा. बायकोला घेऊन देवदर्शनाला गेला तरी ती रांगेत आणि हा बाहेर फुलवाल्यांत.

एका जागी दोन मिनिटं थांबेल तर शपथ. डावीकडं सरकेल, उकिडवा बसेल, आमच्या पाण्याच्या पिंपावर चढेल. त्या दिवशी माझा फोटो काढताना मला बघूनच दम लागला. म्हटलं, "अरे, मलाच सरकव की!"

"नाही साईं. काम करणारा आपल्या जागेवर. सरकायचं मी."

खाली बसून त्यानं ते होर्डिंग आमच्या पत्र्याआड घालवलं. लांब दोरीवर कपडे वाळत होते. "उसका मक्खन कर देता हूँ," म्हणाला आणि काचेशी काहीतरी फिरवलं. मग कॅमेऱ्यात दाखवलं. कपडे खरंच विरघळले होते, नुसता रंग उरला होता.

राहिली हौसा. माझी बायको. माझ्या डाव्या खांद्यामागं बसून भात्याचं चाक फिरवत होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तिची तीच जागा. विटलेली साडी, कपाळाला काजळी. मला कसंतरीच झालं.

"ए, बाजूला हो गं. फोटोत मधे येतेस."

"मी उठले तर विस्तव बसंल," ती म्हणाली.

"बसू दे! फोटोला कुठं विस्तव लागतो?"

परसूभाई मधे पडला. "काकीला राहू द्या. मागं असतं ते सगळं कचरा नसतं. ज्याच्यावाचून काम अडतं, ते मी फोटोतून काढत नाही."

"फोटो माझा की तुझा?" मी म्हटलं. चौथीपर्यंत शिकलो, पण माझ्या भट्टीवर मला कोणी शिकवलेलं चालत नाही. हौसा हात पुसत दाराशी जाऊन उभी राहिली. त्यानं फोटो काढले. नंतर कोयता पुरा करायचा होता म्हणून मीच तिला हाक मारून परत चाकावर बसवलं. परसूभाई अजून इकडंतिकडं नाचत होता. माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी फ्रेम करून घेऊन आला. मी सरदारासारखा दिसत होतो. मागं काही म्हणजे काही नाही. मी खूश. त्यानं फक्त ऐरणीवर बोट ठेवलं. "लोखंड बघा, साईं."

लोखंड काळं होतं. थंड लोखंडावर घण उगारलेला मी.

"कोण बघतंय एवढं!" मी म्हटलं. तो चहा न घेताच गेला. तसा चहाला तो कधीच थांबायचा नाही. "स्कूटर थंड होते," म्हणायचा.

दोन वर्षांमागं हौसा गेली. तेराव्याला ठेवायला फोटो शोधला तर घरात फक्त आधार कार्डावरचा, दचकलेला. मला घरात बसवेना, भट्टीवर बसवेना. एका हातानं चाक फिरवायचो, दुसऱ्यात सांडशी. विस्तवही धड पेटेना, कामही होईना. भिंतीवर मी एकटा, घण उगारलेला. शेवटी फ्रेम उतरवली, भिंतीकडं तोंड करून ठेवली आणि उल्हासनगरची रिक्षा पकडली. कोणाच्या दारात काही मागायला मी तोवर कधी गेलो नव्हतो.

परसूभाई वाळला होता, धाप लागत होती, तरी काउंटरमागं येरझाऱ्या चालूच. "हौसा..." एवढंच मी बोललो. तो आधीच कॉम्प्युटरपाशी पोचला होता.

"त्या दिवशी तुम्ही परत कामाला बसलात ना, तेव्हाचा आहे."

"मग तेव्हाच का नाही दिलास?"

"फेकला असता तुम्ही."

खोटं नव्हतं ते.

पडद्यावर हौसा आली. हात चाकावर, तोंडावर विस्तवाचा उजेड, कपाळाची काजळीसुद्धा जागच्या जागी. ऐरणीवरचं लोखंड लालभडक. आणि तिच्या मागं घण उगारलेलं कोणीतरी, धुरकट, त्या दोरीवरच्या कपड्यांसारखं विरघळलेलं.

मी त्या धुरकट माणसावर बोट ठेवलं. मग विचारलं, "हा मागचा नाही काढून टाकलास?"

"कसा काढू, साईं?" परसूभाई म्हणाला. "त्याच्यावाचून तिचं काम अडलं असतं."